नवं पुस्तक आणि तेच चार तास

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. ८०० ला २०० ने भागलं की दिवसाला चार तास येतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आणि टप्प्याटप्प्याने नवी पुस्तकं येत आहेत. या अभ्यासक्रम बदलाबद्दल जे काही बोलायचं ते या चार तासांपासून सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे. आराखडा कितीही विचारपूर्वक लिहिलेला असो, पुस्तक कितीही देखणं असो, ते सगळं कुठल्या तरी शाळेच्या मंगळवारच्या वेळापत्रकात बसावं लागतं. तिथे जे बसत नाही ते मुलापर्यंत पोहोचत नाही.

खानदेशात हे चार तासही पुरते हाती लागत नाहीत. पटावर साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन आणि इयत्ता चार किंवा पाच. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकाच खोलीत. एका वर्गाशी थेट बोलायला दिवसात फार तर दोन तास मिळतात. ऑक्टोबरात कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी थांबतात. दिवाळी उरकली की चाळीसगाव-साक्रीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, नंदुरबारची कितीतरी माणसं गुजरातचा रस्ता धरतात आणि मुलं अर्थातच त्यांच्याबरोबर. होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरू लागले की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पट आणि हजेरी यांचा मेळ राहत नाही. मार्च उजाडला की ऊन चढतं आणि शाळा सकाळची होते. सकाळच्या शाळेत पहिली कात्री लागते ती चित्रकला, कार्यानुभव आणि खेळाला. नव्या आराखड्यात ज्यांना मानाचं पान दिलंय, नेमक्या त्याच गोष्टींना.

बदल येतो तेव्हा यादीत भर पडते. यादीतून काही कमी झालं आहे हे मात्र कुणी सांगत नाही, आणि बहुतेक शाळांत बदल फसतो तो इथेच. शिक्षक जुनं सोडत नाहीत, कारण ते त्यांना येतं आणि मुलांनाही त्यातून काहीतरी मिळताना त्यांनी पाहिलेलं असतं. नवं टाळता येत नाही, कारण ते तपासलं जाणार असतं. मग दोन्ही निम्मं-निम्मं शिकवलं जातं. त्यामुळे मुख्याध्यापकाने पहिल्यांदा काय करावं, तर काय सोडायचं ते ठरवावं.

त्याची रीत साधी आहे, पण बैठक मारून करावी लागते. एका विषयाचं जुनं आणि नवं पुस्तक सतरंजीवर शेजारी-शेजारी उघडायचं आणि चार याद्या करायच्या. जसंच्या तसं राहिलेलं. त्याच इयत्तेत पुढेमागे सरकलेलं, किंवा वरच्या-खालच्या इयत्तेत गेलेलं. पूर्ण नवं. आणि चौथी यादी, काढून टाकलेलं. एका इयत्तेच्या एका विषयाला दोन-तीन तास सहज जातात. पहिल्या तीन याद्या भराभर होतात. चौथीपाशी हात अडखळतो. वर्षानुवर्षं शिकवलेली कविता पुस्तकातून गेली म्हणून ती सोडून द्यायला मन तयार होत नाही, आणि ते अगदी समजण्यासारखं आहे. ती कविता परिपाठात म्हणावी, शनिवारी म्हणावी, वाचनपेटीत ठेवावी. भाषेच्या तासाला मात्र तिला जागा देऊ नये. चौथी यादी भिंतीवर लावून ठेवण्याचा फायदा असा की नोव्हेंबरात ‘भाग मागे पडला’ अशी धावपळ सुरू होते, तेव्हा आपण सवयीने काय-काय जास्तीचं शिकवत बसलो ते समोर दिसतं.

दुसरं काम तुकड्यांच्या कोष्टकाचं. तुकडी म्हणजे इथे एकाच वर्षी पहिलीत येऊन बरोबरीने पुढे सरकणारी मुलं. बदल सगळ्या इयत्तांना एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो, आणि त्या पायऱ्यांच्या मधल्या फटीत काही तुकड्या सापडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० मध्ये. त्याच्या अंमलबजावणीचे टप्पे राज्याने २०२५ मध्ये जाहीर केले ते असे: २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी, अकरावी, २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी, बारावी. आता हे मुलांच्या बाजूने वाचून पाहा. २०२५-२६ मध्ये पहिलीत बसलेल्या तुकडीला ओळीने नवीच पुस्तकं मिळतात. २०२६-२७ ची तिसरीची तुकडी मात्र पहिली-दुसरी जुनी शिकून थेट नव्या तिसरीत येते. त्याच वर्षीची चौथी तीन इयत्ता जुन्या शिकलेली. सहावीची तुकडी पाच. २०२७-२८ मध्ये जी मुलं आठवीत असतील ती जुनी आठवी संपवून पुढच्या वर्षी नव्या नववीत जातील आणि त्यानंतर लगेच दहावीची परीक्षा. टप्पे पुढेमागे झाले तरी कोष्टक करायची रीत हीच. आडव्या ओळीत वर्षं, उभ्या रकान्यात तुकडी, प्रत्येक चौकोनात ‘जुनं’ किंवा ‘नवं’. जिथे जुन्याशेजारी नवं येतं तिथे लाल खूण करायची. लाल खूण असलेल्या प्रत्येक तुकडीला जूनमध्ये तीन-चार आठवड्यांचा पूल बांधून द्यावा लागतो.

तो पूल कशाचा, हे सरकलेल्या यादीवरून ठरतं. खालच्या इयत्तेत गेलेला जो घटक या मुलांनी पाहिलेलाच नाही, तेवढाच घ्यायचा. कोरोनाच्या वर्षानंतर २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला होता. त्याची कल्पना योग्य होती, पण अनेक ठिकाणी तो मागच्या इयत्तेची सरसकट उजळणी होऊन बसला. सरसकट उजळणीत ज्यांना येतं ती मुलं कंटाळतात, ज्यांना येत नाही त्यांना पुरत नाही, आणि ऑगस्ट उजाडतो. एका विषयाला पाच-सहा घटकांपेक्षा जास्त पूल बांधू नये.

आता बहुवर्ग खोलीकडे येऊ, कारण खानदेशातल्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांत अभ्यासक्रमाचं खरं भवितव्य तिथे ठरतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक शिक्षक आणि एक इयत्ता असते. पाड्यावरच्या शाळेत पहिली आणि दुसरी एकाच फळ्यासमोर बसते. तिथे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिका चालत नाहीत. वर्ग स्थिरावेपर्यंत घंटा होते. त्यापेक्षा नव्वद मिनिटांचा एक असे दोन गट करावेत, एक भाषेचा, एक गणिताचा. पहिली वीस मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र, गोष्ट, गप्पा, गाणं किंवा अंकांचा खेळ. पुढची पंचवीस मिनिटं शिक्षक पहिलीबरोबर आणि दुसरी स्वतःच्या कामात. नंतरची पंचवीस मिनिटं अदलाबदल. शेवटची वीस मिनिटं दोघांचंही काम पाहायला. दोन गटांचे तीन तास झाले. उरलेल्या चौथ्या तासात इंग्रजी, कला आणि खेळ.

हे कागदावर छान दिसतं आणि सातव्या मिनिटाला मोडतं. ‘गुरुजी, झालं!’ अशी हाक येते. मग दुसरी हाक, तिसरी, आणि पहिलीशी चाललेलं बोलणं तुटतं. याचं कारण बेशिस्त नसतं. स्वतंत्र कामाची तयारी कमी पडलेली असते. त्या पंचवीस मिनिटांच्या कामाला दोन थर हवेत. पहिला थर प्रत्येकाला नक्की जमेल असा, कालच्या धड्यावरचाच, आठ-दहा मिनिटांचा. दुसरा थर मोकळा, ज्याला संपणं नाही: जोडीने गोष्टीचं पुस्तक वाचणं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून मित्राने सांगितलेली संख्या तयार करणं, चित्राखाली जमतील तेवढी वाक्यं लिहिणं. त्याचं साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा खोक्यात हवं, कपाटात कुलपाखाली नको. काड्या, रबर, चिंचोके, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या वाक्यपट्ट्या, यापलीकडे काही लागत नाही. पहिले दोन आठवडे नवं पुस्तक बाजूला ठेवून फक्त हीच सवय लावली तरी चालेल. ते दोन आठवडे वर्षभर परत मिळत राहतात.

प्रशिक्षणाबद्दल तक्रारी पुष्कळ होतात. नेमकी गळती कुठे होते ते मात्र कमी जण पाहतात. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. वरच्या पायरीवर ‘हे का बदललं’ यावर दिवसभर चर्चा झालेली असते. खाली येता-येता ‘का’ गळून पडतं आणि ‘काय भरायचं’ तेवढं उरतं. शेवटच्या पायरीवरच्या शिक्षकाला पडद्यावरच्या स्लाइड दिसतात, एकही मूल दिसत नाही. शिवाय द्विशिक्षकी शाळेतले दोघंही एकाच दिवशी बोलावले की शाळेला कुलूप लागतं, आणि एकच गेला तर दुसऱ्यावर सगळ्या इयत्ता येतात.

केंद्राची मासिक शिक्षण परिषद हातात आहे, तिचा उपयोग करता येतो. ती यजमान शाळेच्या मुलांसमोर घ्यावी. आधी पंधरा मिनिटं नव्या पुस्तकातला एकच पाठ सगळ्यांनी वाचायचा. मग एका शिक्षकाने तो खऱ्या मुलांना चाळीस मिनिटं शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे नाही, मुलांकडे पाहायचं. प्रत्येकाने दोन मुलं वाटून घ्यायची आणि ती मुलं कधी बोलली, कधी गप्प झाली, कुठे अडली एवढंच टिपायचं. नंतर अर्धा तास बोलणं. शिकवणाऱ्याचं कौतुकही नको आणि चुकाही नकोत. मुलं कुठे अडली, पुस्तकात तिथे काय आहे, आणि पुढच्या आठवड्यात आपापल्या वर्गात काय बदलून पाहायचं, या तीन प्रश्नांवर थांबायचं. उरलेल्या वेळात परिपत्रकं वाचावीत. परिपत्रकं आधी घेतली की पाठाला वेळ उरत नाही, हे ठरलेलं आहे.

पुस्तकांत क्यूआर कोड असतात, दीक्षा या सरकारी ॲपवर चित्रफिती असतात. तोरणमाळ-धडगावच्या डोंगरात रेंज मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते अशी गावं आहेत. तिथल्या शिक्षकाने तालुक्याला आल्यावर महिनाभराचं मोबाइलमध्ये उतरवून घ्यावं, एवढंच सांगून पुढे जातो.

भाषेच्या बाबतीत मात्र घाई करता येत नाही. नव्या आराखड्यात पायाभूत टप्प्यावर, म्हणजे दुसरीपर्यंत, घरची भाषा हा पाया मानला आहे. खानदेशात घरची भाषा म्हणजे अहिराणी, तावडी, गुजरांची बोली, आणि सातपुड्याच्या बाजूला भिली, पावरी, मावची. पुस्तक येतं ते प्रमाण मराठीत. धुळे तालुक्यातलं मूल पहिलीत ‘मी शाळामा जास’ असं म्हणतं किंवा पुढे तसं लिहितं. त्या वाक्यात क्रियापद आहे, कर्ता आहे, स्थळ आहे, मुलाला जे सांगायचं होतं ते पूर्ण सांगून झालं आहे. जुन्या तपासणीत त्यावर लाल रेघ बसे. नव्या अभ्यासक्रमाचा अर्थ खरोखर उतरवायचा असेल तर आधी ते वाक्य मुलाच्या शब्दांत फळ्यावर लिहावं, वाचून घ्यावं, त्याखाली ‘मी शाळेत जातो’ हेही लिहावं आणि दोन्ही ठेवावीत. पहिले आठ-दहा आठवडे बोलणं आणि ऐकणं यांनाच भाषेच्या वेळेतला मोठा वाटा द्यावा. अक्षरओळख त्याच वाक्यांतून निघते.

पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांसाठी हे पुरत नाही, कारण बहुतेक शिक्षकांनाच ती भाषा येत नाही. तिथे गावातली अंगणवाडीताई, खिचडी शिजवणारी मावशी, चौथीतली मोठी मुलगी, ही खरी मदत. शिक्षकाने शे-दीडशे शब्द आणि वीस-पंचवीस रोजची वाक्यं आधी लिहून घ्यावीत: बस, उठ, भूक लागली का, दुखतंय का, पुन्हा सांग, तुला काय वाटतं. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी देवनागरीत उतरवून त्यांच्याच चित्रांसह पानं शिवली की वर्षाअखेरीस वर्गाचं स्वतःचं वाचनसाहित्य तयार होतं. याला आपल्या भागात जुना आधार आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. शासन निर्णयाची वाट न पाहता शिक्षक मुलांपुढे रोज वाचायला काय ठेवू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वी इथेच दिसलं होतं.

पालकांना आपण फार उशिरा सांगतो. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचायची पद्धत दिली गेली. त्यामागे विचार होता. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे ‘एकवीस’ ऐकून मूल १२ लिहितं. त्रेसष्ट, सत्त्याहत्तर यांतली जोडाक्षरं सात वर्षांच्या मुलाला वेगळीच अडतात. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ही कारणं जाहीरपणे मांडली. जुनी पद्धतही पुस्तकात होतीच. तरीही वादळ उठलं, कारण पालकांपर्यंत हा बदल दूरचित्रवाणीच्या वादातून आधी पोहोचला आणि शाळेतून नंतर. जो शिक्षक वर्गात उभा होता त्याच्यापर्यंतही कारण नीट आलं नव्हतं. मग चौकात विचारणा झाली की तोही पालकांच्याच बाजूने मान हलवणार.

अशा बदलासाठी शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक पुरते, मात्र ती जुलैच्या आत घ्यावी, आणि भाषण न करता वस्तू दाखवावी. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी. एका मुलाला बोलावून मोजायला लावायचं. किलोवर कापूस वेचणाऱ्या आईला मोजणं समजावून सांगावं लागत नाही. आपलं पोर काय करतंय हे ती बघताक्षणी ओळखते. बैठकीला येणाऱ्या पालकाच्या मनात प्रश्न बहुधा एकच असतो: ‘मना पोऱ्याले वाचता येस का?’ त्याचं खरं उत्तर नावानिशी द्यावं. येतं, अडखळत येतं, अजून येत नाही. धोरणाचं नाव, कौशल्यांची यादी, निष्पत्तींचे क्रमांक हे आपल्या टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदींत, राहू द्यावेत. आणि बैठक सकाळी साडेदहाला ठेवू नये. त्या वेळी माणसं शेतात असतात. सायंकाळी सात वाजता देवळापाशी ठेवली तर भरते.

मूल्यमापन हा सगळ्यात नाजूक भाग. पुस्तक बदललं आणि प्रश्नपत्रिका जुनीच राहिली तर शिक्षक प्रश्नपत्रिकेच्या मागे जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पालक आणि अधिकारी दोघंही गुणच विचारतात. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. पहिली-दुसरीला आकारिक (शिकता-शिकता होणारं) ७० आणि संकलित (सत्राअखेरचं) ३०, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भार ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली. मूळ विचार उत्तम होता. झालं काय? प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी हव्यात म्हटल्यावर तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘वाचन स्पष्ट व शुद्ध करतो’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या नावापुढे उतरलं. त्यात अक्षरशः वाचता न येणारी मुलंही आली. नोंद रोजच्या कामातून निघण्याऐवजी सत्र संपताना रात्री जागून लिहिली जाऊ लागली, कारण तिचं प्रमाण माणसाला झेपण्यापलीकडचं होतं.

आता नव्या धोरणाचं समग्र प्रगती पत्रक, म्हणजे मुलाच्या सर्वांगीण वाढीची नोंद करणारं प्रगतिपुस्तक, येत आहे आणि तोच धोका पुन्हा समोर आहे. तो टाळण्याचा मार्ग मला एकच दिसतो: नोंदी कमी करा आणि खऱ्या करा. पट तीस असेल तर दिवसाला पाच मुलं. सहा दिवसांत वर्ग फिरून होतो. प्रत्येकाबद्दल एकच ओळ, तारखेसह, आणि त्या ओळीत मुलाने प्रत्यक्ष काय केलं ते. ‘हातच्याची बेरीज: ४७ + ३८ चं उत्तर ७१५ लिहिलं, दशक वेगळा धरत नाही.’ ही ओळ वाचून उद्या काय करायचं ते कळतं. काड्यांचे गठ्ठे पुन्हा काढायचे. ‘गणितात प्रगती समाधानकारक’ या ओळीवरून काहीच कळत नाही. केंद्रप्रमुखांनी भेटीत वह्यांची संख्या पाहण्याऐवजी अशा तीन ओळी उघडाव्यात आणि त्याच तीन मुलांना जवळ बोलावून एकेक उदाहरण द्यावं. भेटीचा तेवढा एक प्रकार बदलला तरी खाली बरंच बदलतं. पद रिक्त म्हणून एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रं असतील तर भेटी कमी होणार हे उघड आहे. पण कमी भेटींतही मुलाशी दहा मिनिटं बोलता येतं.

धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. खानदेशाला ही मोठी संधी आहे, आणि ती सहलीत वाया घालवणंही तितकंच सोपं आहे. रावेर-यावलच्या शाळेला केळीची बाग शिवेवरच असते. बागेत जाण्याआधी मुलांच्या हाती प्रश्न हवेत. दोन खोडांमधलं अंतर मोजा, दोन ओळींमधलं मोजा. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एका खोडाला पंचवीस चौरस फूट जागा लागते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला की साधारण १,७४२ खोडं येतात. मग शेतकऱ्याला विचारा, तुमच्या एकरात प्रत्यक्षात किती आहेत? आकडा कमी निघतो. का निघतो, बांध, वाट, पाण्याची सोय यांना किती जागा गेली, हे मुलांनी शोधायचं. खर्च कशा-कशाचा, घड कधी कापतात, भाव कोण ठरवतं. क्षेत्रफळ, भागाकार, अंदाज, मुलाखत, लेखन, अर्थशास्त्र, सगळं त्या एका सकाळीत येतं. एका गटात पाच मुलं, एका गटाला एक टेप, एक कागद. दुसऱ्या दिवशी वर्गात तासभर मांडणी. हा दुसरा दिवस वगळला की हाती फक्त फोटो उरतात. आणि वेळ डिसेंबर-जानेवारीची धरावी. मार्चनंतर अकराच्या उन्हात मुलांना शिवारात नेऊ नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा विचार नियोजनातच व्हायला हवा. हंगामी वसतिगृहं आणि शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाने दुसऱ्या शाळेत दाखवायचं) या सोयी आहेत, पण पत्रकावर ‘धडा ९ पर्यंत झाले’ असं लिहून भागत नाही, कारण दुसऱ्या शाळेत क्रम निराळा असतो, आणि गुजरातच्या हद्दीत तर पुस्तकच निराळं. त्यावर मुलाला काय येतं ते लिहावं: जोडाक्षरांशिवाय मजकूर वाचतो, ९९ पर्यंत हातच्याची बेरीज करतो, वजाबाकी अजून नाही. वार्षिक नियोजनातही जे पाऊल चुकलं तर पुढचं सगळं अडतं, उदाहरणार्थ स्थानिक किंमत किंवा भागाकाराची सुरुवात, ते दिवाळीआधी घ्यावं किंवा मार्चमध्ये त्याची दुसरी फेरी राखून ठेवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात असे घटक घ्यावेत, जे चुकलेलं मूल परत येऊन आठवडाभरात पकडू शकेल.

शासनाचे निर्णयही वर्षाच्या मध्यात वळतात. २०२३-२४ मध्ये पुस्तकांचे चार भाग करून त्यांत वहीची पानं घातली गेली आणि २०२५ मध्ये तो प्रयोग थांबवला गेला. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला सुधारला गेला आणि २९ जूनला मागे घेतल्याचं जाहीर झालं. तोवर शाळा उघडून गेल्या होत्या. शिक्षकांचा विश्वास अशा वळणांवर झिजतो आणि ‘थांबा, हेही बदलेल’ ही वृत्ती बळावते. मुख्याध्यापकाने यासाठी शाळेचा एक गाभा ठरवून ठेवावा, ज्याला कुठल्याही परिपत्रकाने धक्का लागत नाही: रोज प्रत्येक मुलाने मोठ्याने काहीतरी वाचणं, रोज वस्तूंनिशी अंकांचं काम, आठवड्यातून दोनदा स्वतःच्या मनाचं लिहिणं, आणि रोज एक गोष्ट ऐकणं. याला मिळून दिवसाला दीड तास लागतो. नवं पुस्तक उरलेल्या अडीच तासांत हवं तसं फिरवावं. आजवर आलेला कुठलाच अभ्यासक्रम या गाभ्याच्या आड आलेला नाही.

आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवावा. जिल्हा परिषदेच्या शाळांत उन्हाळ्यात बदल्या होतात. नव्या पुस्तकाचं पहिलं वर्ष ज्याने काढलं, तो जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात असतो आणि त्याला जे उमगलं ते त्याच्याबरोबर निघून जातं. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी एकच पान लिहून ठेवावं. कोणते घटक सुटले, कोणत्या पाठाला पुस्तकात दिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला आणि का, कोणती कृती या मुलांकडून झालीच नाही, कोणती मुलं कोणत्या महिन्यांत बाहेर होती, कोणाला घरची भाषा सोडून मराठीत बोलायला अजून वेळ लागेल. खाली सही, तारीख आणि मोबाइल नंबर. एक प्रत शाळेच्या दप्तरात शेरेबुकाच्या शेजारी, एक केंद्रप्रमुखांकडे. नव्याने आलेल्या शिक्षकाने जूनचं टाचण लिहायला घेण्याआधी ते पान वाचून त्या नंबरवर फोन करावा.